पगार म्हणून आबांचेच पैसे मला येत होते

मागच्या आठवड्यात सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर एका जिन्यापाशी एक मुलगा आणि त्याचे वडील फाईल घेऊन उभे दिसले. वर नवा बोर्ड, ‘आयटी ट्रेनिंग, नोकरीची हमी’. त्या बोर्डामागची माणसं कशी आहेत मला ठाऊक नाही. पण 2022 मध्ये असाच एक जिना मी आणि आबा चढलो होतो, म्हणून हे लिहितोय.

मी तासगाव तालुक्यातला, बीएस्सी कॉम्प्युटर झालेला. कॉलेजात कंपन्या येत नव्हत्या, पुण्यात ओळखीचं कुणी नव्हतं. जिन्यावरच्या त्या ऑफिसातले सर म्हणाले, “आमची कंपनी बारा वर्षं चालू आहे. 1,80,000 डिपॉझिट भरा. दोन महिने ट्रेनिंग, मग पुण्यात जॉब. डिपॉझिट वर्षानं परत.” बेदाण्याची पट्टी नुकतीच आली होती. मार्चअखेर सोसायटी भरायला ठेवलेले पैसे आबांनी काढून दिले.

नोकरी खरंच लागली. पुण्यात एका फ्लॅटमध्ये ऑफिस, दहा-बारा पोरं. पगार 15,000, पीएफचे 1,800 कापून हातात 13,200. पाच महिने पगार वेळेवर आला. सहाव्या महिन्यात ऑफिसला कुलूप आणि सरांचा फोन बंद. रूमवर बसून हिशोब मांडला तेव्हा कळलं, पाच महिन्यांत मला मिळाले 66,000, तेही आबांनीच भरलेले. उरलेले 1,14,000 गेले.

काम कसं होतं हे नीट सांगतो, कारण खरी खूण तिथंच होती. ‘हॉस्पिटलचा लाइव्ह प्रोजेक्ट’ म्हणून आम्ही लॉगिन पेज आणि पेशंटचा फॉर्म बनवायचो. ते हॉस्पिटल कुठलं, कुणी सांगितलं नाही. गिट, म्हणजे सगळ्यांचा कोड आणि त्यातले बदल एकत्र ठेवायची सोय, नव्हतं. शुक्रवारी प्रत्येकजण आपला कोड पेनड्राइव्हवर देई आणि त्यावर पुढं कधीच कुणी काही बोलत नसे. चूक दाखवायलाही कुणी नाही. आज जिथं आहे तिथं माझ्या पहिल्या चाळीस ओळींवर सीनियरनं तेवीस कॉमेंट टाकल्या होत्या. त्या दिवशी समजलं, की तो कोड कुणाला तरी खरंच हवा होता.

पुढं दुसऱ्या कंपनीत निवड झाली. त्यांनी यूएएन मागितला. पीएफ खात्याचा हा बारा आकडी नंबर माझा निघालाच नव्हता. ते 1,800 फक्त पगाराच्या स्लिपवर कापले जात होते. ऑफर गेली. अनुभवाचं पत्र खोटं ठरलं आणि त्याबरोबर मीही. पैशापेक्षा मला हे जास्त लागलं. पीएफ कापत असतील तर पहिल्याच महिन्यात यूएएन मागा आणि पासबुकात पैसे जमा झालेत का, ते स्वतः बघा.

आणखी एक गोष्ट माझ्या हातातच होती. ऑफर लेटरवर कंपनीचा सीआयएन, म्हणजे नोंदणी नंबर असतो, 21 अक्षर-आकड्यांचा. त्यात ‘एमएच’ अशा राज्याच्या खुणेनंतर नोंदणीचं वर्ष येतं. माझ्या पत्रावर तिथं 2021 होतं. बारा वर्षं म्हणणारी कंपनी एक वर्षाची होती आणि ते पत्र मी फ्रेम करून घरी लावलं होतं.

डिपॉझिटची पावती घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, “डिपॉझिट कुठं लिहिलंय?” पावतीवर होतं ‘ट्रेनिंग फी, परत मिळणार नाही’. आबांनी वाचली नव्हती, मीही नाही. सर बोलले ते सगळं तोंडीच राहिलं होतं.

एकटा गेलो तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. सहाजण मिळून गेलो तेव्हा अर्ज घेतला, त्याची पोच माझ्याकडे आहे. कुणी असे पैसे भरले असतील तर पावती, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपचे मेसेज यातलं काही पुसू नका. आणि बरोबरीची पोरं शोधून मिळून जा.