नोकरदार प्रौढांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण कसे रचावे: सहा आठवड्यांच्या एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

रावेर तालुक्यातील एका केळी पॅकहाऊसमध्ये गेली अकरा वर्षे मी प्रतवारीचे आणि त्याच्या जोडीने प्रशिक्षणाचे काम पाहतो. निर्यातीचा हंगाम सुरू झाला की दर महिन्याला नवे मजूर येतात, शिकलेले मुकादम शेजारच्या पॅकहाऊसला निघून जातात, आणि घडापासून फणी कशी सोडवावी, कोणती फणी खोक्यात घालावी व कोणती बाजूला काढावी हे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. हे सांगणे मोबाइलवर नेता येईल का, या विचाराने गेल्या पावसाळ्यात मी पुण्यातील एका खासगी संस्थेचा अभ्यासक्रम केला. नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण कसे रचावे, हा त्याचा विषय. शुल्क 7,500 रुपये होते आणि ते मी स्वतःच्या खिशातून भरले. पुढे काही उणिवा लिहिल्या आहेत, म्हणून संस्थेचे नाव देत नाही.

दर आठवड्याला तीन-चार ध्वनिचित्रफिती, एक स्वाध्याय आणि शनिवारी रात्री आठ वाजता तासभराचा थेट वर्ग, असा एकूण क्रम होता. पहिला आठवडा प्रौढ माणूस कसा शिकतो यावर होता. जर्मन शिक्षक अलेक्झांडर काप यांनी 1833 मध्ये वापरलेला ‘अँड्रागॉजी’ (म्हणजे प्रौढांना शिकवण्याचे शास्त्र) हा शब्द पुढे अमेरिकेत माल्कम नोल्स यांनी रूढ केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की, प्रौढ माणूस स्वतःचा अनुभव घेऊन वर्गात येतो, हे मी का शिकावे याचे उत्तर त्याला आधी हवे असते, आणि शिकलेले उद्या कामावर वापरता आले नाही तर त्याचे मन त्यातून उठते. हे सारे पटणारे आहे. मात्र ते सांगण्यासाठी संस्थेने पाऊण तासाची एक चित्रफीत केली होती, तिच्यात पडद्यावरचा मजकूर निवेदिका अक्षरशः वाचून दाखवत होती, आणि मधे थांबून विचार करायला लावणारा एकही प्रश्न नव्हता. गंमत अशी की, चौथ्या आठवड्यात याच संस्थेने रिचर्ड मेयर यांचे संशोधन शिकवले. चित्र आणि निवेदन चालू असताना तोच मजकूर पडद्यावरही दिला तर शिकण्यात भर पडत नाही, उलट लक्ष विभागले जाते, असे ते सांगते. आपलीच पहिली चित्रफीत त्या कसोटीवर घासून पाहावी असे तिथे कोणाला वाटलेले दिसत नाही.

या अभ्यासक्रमाचे खरे मोल दुसऱ्या आठवड्यात आहे, आणि तेही चित्रफितींत नसून स्वाध्यायात आहे. आपल्या कामाच्या ठिकाणी वारंवार होणारी एक चूक निवडावी आणि तिच्यावर प्रशिक्षण हा उपाय आहे की नाही हे आधी ठरवावे, असा तो स्वाध्याय होता. मी चिकाच्या डागांचा प्रश्न घेतला. फणी कापल्यावर देठातून चीक गळतो आणि तो सालीवर वाळला की काळा डाग पडतो. म्हणून फण्या तुरटीच्या पाण्यातून काढतात. डागाळलेला माल निर्यातीतून बाद होतो. त्यामुळे तुरटीच्या टाकीवर दहा मिनिटांचा धडा करायचा, असे मी स्वाध्यायाला हात घालण्यापूर्वीच ठरवून टाकले होते.

मार्गदर्शकांनी माझ्या उत्तराखाली एकच प्रश्न लिहून ते परत पाठवले: मजुरांना माहीत नाही म्हणून डाग पडतात, की माहीत असूनही पडतात? या प्रश्नामागे रॉबर्ट मेगर यांनी सांगितलेली जुनी कसोटी आहे. जिवावर बेतले तर त्या माणसाला ते काम करता येईल का, असे विचारावे. येत असेल तर दुखणे प्रशिक्षणाचे नाही. त्या आठवड्यात माल कमी होता, तरी मी दोन दिवस टाकीपाशी उभा राहिलो. सकाळच्या पाळीत पाणी स्वच्छ असते आणि डाग पडत नाहीत. दुपारपर्यंत तेच पाणी चिकाने गढूळ होते, आणि ते केव्हा व कोणी बदलायचे हे आमच्याकडे कधी कोणाला नेमूनच दिलेले नव्हते. टाकीवरच्या सर्व बायकांना हे ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच. पाणी बदलण्याच्या वेळा ठरवून एका मुकादमाच्या नावावर काम लावले आणि धडा रद्द केला. न केलेल्या या एका धड्यातच माझे शुल्क वसूल झाले, असे मी मानतो.

तिसऱ्या आठवड्यात उद्दिष्टे लिहिण्याचा सराव होता आणि तोही चोख होता. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’ अशी क्रियापदे मार्गदर्शक निर्दयपणे खोडत. ‘मजुराला प्रतवारीचे महत्त्व समजेल’ हे माझे वाक्य तीन फेऱ्यांनंतर ‘फणीतील मधल्या केळाची जाडी कॅलिपरने मोजून मजूर कमी भरलेली फणी वेगळ्या क्रेटमध्ये ठेवेल’ असे झाले. एकदा हे वाक्य हाती आले की धड्यात काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे आपोआप ठरते. केळीचे उगमस्थान, जळगावच्या केळीला मिळालेले भौगोलिक मानांकन, शीतगृहात 13 अंशांच्या खाली तापमान गेले तर साल का काळवंडते, हे सारे मी प्रेमाने जमवले होते. त्यातले शीतगृहाचे तेवढे तिथल्या चालकासाठी वेगळे ठेवले आणि बाकीचे काढून टाकले. काढताना जिवावर आले, हे कबूल करतो.

पाचव्या आठवड्याबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. त्यात 2002 पासून उपलब्ध असलेली मूडल ही ऑनलाइन धडे चालवण्याची मुक्त प्रणाली आणि धडे एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठीचे स्कॉर्म हे मानक शिकवले. शिकवणे वाईट नव्हते. पण सगळे काही टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलेला कर्मचारी समोर ठेवून रचलेले होते. सातपुड्याच्या पायथ्याहून टेम्पोत बसून येणाऱ्या मजुराच्या घरात एकच मोबाइल असतो, तो दिवसभर कॉलेजात जाणाऱ्या मुलाजवळ असतो आणि महिनाअखेरीला त्यातला डेटा संपलेला असतो. मी पाच मुकादमांवर प्रणालीची चाचणी घेतली, तेव्हा दोघे पासवर्डपाशीच अडकले आणि धड्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. शनिवारच्या वर्गात हा प्रश्न मांडला, त्यावर पुढील तुकडीत या मुद्द्याचा विचार करू, एवढेच उत्तर मिळाले. शेवटी दीड मिनिटाच्या चित्रफिती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याचा मार्ग मी स्वतः काढला.

भाषेबद्दल तर अभ्यासक्रमात अवाक्षर नाही. माझी पहिली संहिता शुद्ध पुस्तकी मराठीत होती. ती ऐकून टाकीवरच्या बायका पदराआड हसल्या, आणि त्यांच्यातली एक ज्येष्ठ मुकादम म्हणाली, “भाऊ, पाहून नाही समजत, करून पाह्यलं का मंग समजतं.” मग निवेदन तिच्याच आवाजात, तिच्या लेवा बोलीत घेतले आणि प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी फणीचा एक फोटो ठेवून ‘ही घ्यायची की काढायची?’ असे विचारले. पावरी बोलणाऱ्या मजुरांसाठी हे अजून झालेले नाही.

येथे एक तुलना सुचते. मी पदवी घेतली ती नोकरी सांभाळून, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. 1989 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची छापील पुस्तके स्वयंअध्ययनासाठी रचलेली होती. थोडा मजकूर झाला की प्रश्न, उत्तर तपासण्याची सोय, मग पुढचा भाग. पाळी संपवून रात्री दिव्याखाली वाचणारा वाचक त्या लेखकांच्या डोळ्यांसमोर होता. या अभ्यासक्रमाच्या चित्रफिती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होते, हे मला सहा आठवड्यांत उमगले नाही.

मूल्यमापनाच्या शेवटच्या आठवड्यात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या येतात: शिकणाऱ्याला कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्यातून संस्थेला काय मिळाले. मांडणी नेटकी आहे. पण खुद्द या अभ्यासक्रमाने माझ्याकडून पाच तारकांचा अभिप्राय तेवढा मागितला, म्हणजे तो पहिल्या पायरीवरच थांबला. प्रमाणपत्र तर सर्व चित्रफिती शेवटपर्यंत सरकवल्या की आपोआप येते. माझे आले तेव्हा अंतिम प्रकल्प मी पाठवलेलाही नव्हता. विस्मरण किती झपाट्याने होते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी 1885 मध्येच दाखवून दिले होते आणि त्याचा आलेखही आम्हाला दाखवला गेला, परंतु पहिल्या आठवड्यातील एकही गोष्ट पुढे पुन्हा विचारली गेली नाही. आमच्याकडे मी तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी तोच प्रश्न नव्या फोटोसह पाठवतो. मुकादम आता उत्तरावरून आपसांत वाद घालतात, आणि मला हवे होते ते हेच.

कारखान्यात, पतसंस्थेत किंवा दवाखान्यात कर्मचाऱ्यांना शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे आणि स्वाध्यायांसाठी आठवड्याला पाच-सहा तास ज्यांना काढता येतात, त्यांनी हा अभ्यासक्रम दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यांसाठी अवश्य करावा. चित्रफिती दीडपट वेगाने पाहिल्या तरी काही बिघडत नाही. ज्यांना प्रमाणपत्रच हवे आहे, त्यांनी 7,500 रुपये वाचवावेत. मोबाइलवरच शिकणाऱ्या मजुरांसाठी एखादा आठवडा पुढील तुकडीत खरोखरच घातला गेला, तर आमच्या दोन पर्यवेक्षकांचे शुल्क पॅकहाऊसने भरावे अशी शिफारस मी मालकांकडे करणार आहे.