दोन बॅरलचं मॅनिफोल्ड, चार बॅरलचं बिल

गेल्या वर्षभरात आपल्याच दोन मंडळींनी मला फोन करून विचारलं, "जुन्या मस्टँगची पॉवर वाढवून घ्यायची आहे, कुणाकडे देऊ?" दोघांनाही तासभर सगळं सांगितलं. डेट्रॉइटच्या आसपास पुणे-चिंचवडहून आलेले गाडीवेडे इंजिनिअर कमी नाहीत, त्यामुळे तिसरा फोन येणारच. म्हणून आता लिहूनच ठेवतो.

माझी गाडी फोर्डची १९६७ची मस्टँग, साधी हार्डटॉप, म्हणजे पक्क्या टपाची. तिचा चॅसी नंबर ७एफ०१सीने सुरू होतो. सात म्हणजे ६७चं मॉडेल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप. पाचव्या जागेवरचा सी सांगतो की आत २८९ क्युबिक इंचांचं, दोन बॅरल कार्ब्युरेटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन आहे. कार्ब्युरेटर हवेत पेट्रोल मिसळतं, आणि बॅरल म्हणजे त्यातली हवेची वाट. त्या मॉडेल वर्षात ४,७२,१२१ मस्टँग बनल्या, त्यातली ही अगदी सामान्य. पण जिथे ती बनली तिथून तासाभराच्या आत, मिशिगनमधल्याच नोव्हायमध्ये माझ्या दारात ती उभी आहे, याचं मला पहिल्या दिवसापासून फार अप्रूप होतं. गाडी घेतली तेव्हा मुलीने तिच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं.

गाडी चालायची छान, पण जोर बेताचा. कागदावर २०० हॉर्सपॉवर. हा आकडा कसा मोजला जायचा ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं, आणि मी फसलो त्याचं मूळ तिथेच आहे. १९७१पर्यंत अमेरिकन कंपन्या बहुधा 'ग्रॉस' आकडा छापत. इंजिन गाडीबाहेर काढून स्टँडवर बसवायचं. त्याला एअर क्लीनर नाही, अल्टरनेटर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. अशा मोकळ्या इंजिनाची ताकद मोजून तीच जाहिरातीत द्यायची. १९७२च्या मॉडेलपासून सगळ्यांनी 'नेट' आकडे द्यायला सुरुवात केली आणि एका रात्रीत सगळ्या गाड्या कमजोर झाल्यासारख्या वाटल्या. शिवाय गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल आपला वाटा खातात तो वेगळाच. कागदावरच्या २००चे चाकावर दीडशेही भरत नाहीत.

२०२२च्या फेब्रुवारीत एका गाड्यांच्या मेळाव्यात तो भेटला. नाव लिहीत नाही, गॅरेजचंही नाही. पन्नाशीचा, हात काळे, बोलणं गोड. त्याच्याजवळ एक निळी मस्टँग उभी होती आणि तिचं इंजिन उभ्या उभ्या धडधडत होतं, अख्खी गाडी हलत होती. त्याने मला शेजारी बसवून एक चक्कर मारली. मग म्हणाला, "तुमची २८९ मी हेड न उघडता तीनशेवर नेतो." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं, व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण. मी घरचा पत्ता सांगितला तर मला गाडी आणायलाही लावली नाही, स्वतः ट्रेलर घेऊन आला. चहा प्यायला, मुलीला गाडीच्या गोष्टी सांगितल्या. माणूस घरात येऊन चहा पिऊन गेला की आपण त्याच्याकडे लेखी कागद मागायला संकोचतो. मीही मागितला नाही. चार हजार डॉलर आगाऊ पाठवले.

तीनशे हा आकडा ऐकून मी थांबायला हवं होतं. त्याच वर्षी त्याच २८९चे खुद्द फोर्डने तीन प्रकार विकले होते. दोन बॅरलचं २००, चार बॅरल कार्ब्युरेटर आणि जास्त कॉम्प्रेशनचं (म्हणजे मिश्रण जास्त दाबणारं) २२५, आणि सगळ्यात वरचं, 'के' अक्षराचं, २७१. त्या वरच्या ७१ घोड्यांसाठी फोर्डला कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलावा लागला, कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारे लिफ्टर हायड्रॉलिकऐवजी सॉलिड घालावे लागले, हेड, कनेक्टिंग रॉड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असं सगळं बदलून कॉम्प्रेशन साडेदहापर्यंत न्यावं लागलं. ज्या कंपनीने इंजिन जन्माला घातलं तिला इतकं करावं लागलं, तर हेडला हात न लावता एखादा शंभर घोडे कुठून आणणार? ही माहिती माझ्या कपाटातल्या पुस्तकात होती. मी ती वाचली होती.

जूनअखेर गाडी परत आली. बिल ६,८५० डॉलरचं, हाताने लिहिलेलं, पण एकेक भाग वेगळा मांडलेला. ॲल्युमिनियमचं चार बॅरल मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधलं मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग), नवं ६०० सीएफएमचं, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा घेणारं कार्ब्युरेटर, परफॉर्मन्स कॅम आणि नवे लिफ्टर, डबल रोलर टायमिंग चेन, दुहेरी एक्झॉस्ट, मजुरी. सोबत डायनोचा कागद. डायनो म्हणजे चाकं रोलरवर चढवून ताकद मोजायचं यंत्र. कागदावर चाकाला २६८ हॉर्सपॉवर.

गाडी सुरू केली आणि काचा हादरल्या. ॲक्सिलरेटरला जरा स्पर्श केला की ती पुढे झेपावायची. मला अगदी खरं वाटलं की ताकद वाढली. पुढचे सात आठवडे मी ती रोज चालवली आणि भेटेल त्याला तीनशेचा आकडा सांगितला. जुलैच्या उकाड्यात चढावर दाब दिला की आतून टिकटिक, एखाद्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताकदीच्या इंजिनाचा आवाज असाच असतो, फक्त ९३ ऑक्टेनचं पेट्रोल घालत जा." मी घातलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. १९९५पासून चालू आहे, हजारो जुन्या गाड्या दिवसभर त्या रस्त्यावर फिरतात. २० ऑगस्टला आम्ही सगळे गेलो. गाडी कडेला लावली तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक सत्तरी उलटलेले गृहस्थ बसले होते. आयुष्यभर इंजिनांच्या चाचण्या घेण्यात घालवलेला माणूस. आता आमच्या घरी येतात, मुलगी त्यांना आजोबाच म्हणते. मी मोठ्या हौसेने कॅमबद्दल सांगितलं. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "कॅम बदललाय असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मोठा कॅम घातला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, इनटेक आणि एक्झॉस्टची वेळ एकमेकांवर चढते, आणि कमी वेगात इंजिन अडखळत चालतं. मेळाव्यातली निळी गाडी धडधडत होती ती त्यामुळे. माझं इंजिन शिवणयंत्रासारखं सरळ चाललं होतं, मोठा होता तो फक्त सायलेन्सरचा आवाज. मी दोन महिने सायलेन्सर ऐकत होतो.

त्यांनी एअर क्लीनर उतरवायला लावला. कार्ब्युरेटर चार बॅरलचं होतं खरं. पण त्याच्या आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बोटभर जाडीचा एक पाट होता. वरून चार भोकं, खालून दोन. चार बॅरलचं कार्ब्युरेटर दोन बॅरलच्या मॅनिफोल्डवर बसवायचा हा अडॅप्टर. वर चार दारं उघडली काय आणि सहा उघडली काय, खालची वाट होती तेवढीच अरुंद. आजोबांनी खिशातलं छोटं लोहचुंबक मॅनिफोल्डला लावलं आणि ते टक्कन चिकटलं. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही. माझ्याच जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डला चंदेरी रंग मारून मला नव्याचे पैसे लावले होते. पुढे अस्वच्छ कोपऱ्यात रंगाखालून मूळ निळा रंग डोकावत होता, तो मी दोन महिन्यांत पाहिला नव्हता.

बायको शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, मुलीला घेऊन पाणी आणायला गेली.

दुसऱ्या रविवारी आजोबा हत्यारं घेऊन घरी आले. इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज लावला, काटा १९ इंचांवर स्थिर. बिलावरच्या कॅमने तो बराच खाली यायला आणि थरथरायला हवा होता. व्हॉल्व्ह कव्हर काढून डायल गेजने व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजलं. बिलावर ०.४५० इंच लिहिलं होतं, भरलं ०.३७च्या आसपास, म्हणजे कंपनीचा मूळ कॅम. मग ठिणगी कधी पडते ते दाखवणारा टायमिंग लाइट लावला. २८९च्या या प्रकाराला कंपनीने ६ अंश सांगितले आहेत, माझ्या गाडीला १८ होते. ठिणगी वेळेच्या खूप आधी पडत होती. त्यामुळे कमी वेगात गाडी तरतरीत वाटते, आणि भार पडला की सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी भडकून पिस्टनवर हातोडे बसतात. ती टिकटिक तीच. स्पार्क प्लग काढले तर पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके. पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं ते. कॉम्प्रेशनचा दाब मोजला तर बाकी सात सिलिंडरांत १४० पीएसआयच्या आसपास, सातव्या नंबरच्या सिलिंडरमध्ये ९५.

पैसे गेल्याचं दुःख मी गिळलं असतं. पण पंचावन्न वर्षं धड चाललेलं इंजिन सात आठवड्यांत माझ्याच पायाने मोडलं, ते अजून सलतं.

डायनोच्या कागदाबद्दल इथे जरा थांबतो, कारण हा कागद कुणालाही घरबसल्या तपासता येतो. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, फूट-पाउंडात असेल तर हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२. त्यामुळे ५२५२ आरपीएमला दोन्हींचा आकडा एकच यायला हवा, आणि मोजपट्टी सारखी असेल तर दोन्ही रेषा तिथेच एकमेकींना छेदायला हव्यात. दुसरीकडे छेदल्या तर कागद खोटा. माझ्या कागदावर त्या ४७००ला छेदत होत्या. ५६००ला २६८ हॉर्सपॉवर आणि ३०५ टॉर्क छापला होता. गणित केलं तर टॉर्क २५१ यायला हवा. कागदावर गाडीचा नंबर नव्हता, तारीख नव्हती, हवेचं तापमान नव्हतं. मी रोज संगणकावर आलेख बघून पोट भरणारा माणूस, आणि हा एक आलेख मी तपासला नाही, कारण त्यावरचा आकडा मला हवा होता तोच होता.

कागद खरा असला तरी एक खोच राहते. हवामानाची दुरुस्ती कोणत्या पद्धतीने केली हे बघा. 'एसएई'पेक्षा 'एसटीडी' पद्धतीत तीच गाडी सुमारे चार टक्के जास्त दाखवते. म्हणून कामाआधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने मोजणी, आणि दोन्ही वेळा आपण समोर उभं राहायचं. कामाआधीच्या मोजणीला टाळाटाळ करणाऱ्याकडे गाडी ठेवूच नका.

ऑक्टोबरमध्ये इंजिन उघडलं. सातव्या पिस्टनचा रिंगांमधला कडा तुटला होता. पुढचं कव्हर काढल्यावर कॅमचं चक्र दिसलं, प्लास्टिकच्या दातांचं. आवाज कमी व्हावा म्हणून त्या काळी कारखान्यात अशी नायलॉनच्या दातांची चक्रं घालत. दात पिवळे पडून तडकले होते. बिलावरची डबल रोलर चेन तिथे कधी गेलीच नव्हती. मी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला, शेजारी बिल ठेवून.

मिशिगनमध्ये १९७४च्या कायद्याने पैसे घेऊन गाड्या दुरुस्त करणाऱ्याला राज्याकडे नोंदणी करावी लागते, कामाआधी लेखी अंदाजपत्रक द्यावं लागतं, आणि काढलेले जुने भाग आपण मागू शकतो. हा जुने भाग मागायचा हक्क फार मोलाचा आहे. मी गाडी घ्यायला गेलो तेव्हा "जुना कॅम द्या" एवढं म्हटलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता. त्या गॅरेजच्या भिंतीवर नोंदणीचा कागदही नव्हता, हे मला फोटो पाहताना कळलं.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेलो. वकील लागत नाही, दोन्ही बाजूंना वकील आणताच येत नाही. तेव्हा मर्यादा ६,५०० डॉलरची होती, म्हणून वरचे साडेतीनशे सोडले. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मिशिगनच्या त्या कोर्टात फसवणुकीचा दावा चालत नाही. अर्जात मी आधी रागाने तोच शब्द लिहिला होता. खिडकीवरच्या बाईंनी नियम दाखवला, तेव्हा घरी येऊन पुन्हा लिहिलं: पैसे घेतले, ठरलेलं काम केलं नाही, ठरलेले भाग दिले नाहीत. बिलात भाग वेगवेगळे लिहिलेले होते म्हणून हे सिद्ध करता आलं. दुहेरी एक्झॉस्ट खरा बसवला होता, त्याचे पैसे वजा करून निकाल माझ्या बाजूने लागला. वसुली ही वेगळी लढाई आहे. तोवर गॅरेज बंद झालं होतं. आजवर हाती आले ते १,५०० डॉलर, तेही तीन हप्त्यांत.

२०२३च्या हिवाळ्यात आजोबा आणि मी इंजिन पुन्हा बांधलं. खरं मॅनिफोल्ड, बेताचा कॅम, नवे पिस्टन. त्याआधी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले; चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीची ताकद आधी वाढवणं मला आता पटत नाही. नवा कॅम पहिल्यांदा फिरवताना पहिली वीस मिनिटं इंजिन २००० आरपीएमच्या खाली येऊ द्यायचं नाही, तेल झिंकचं, हे सगळं ते बाजूला उभं राहून बघत होते. वसंतात डायनोवर नेली. दोघेही समोर होतो. चाकाला १८७, दोन्ही रेषा ५२५२वर.

कुणाला मिशिगनमध्ये गाडी द्यायची असेल तर आधी मला फोन करा. लोहचुंबक आणि व्हॅक्यूम गेज घेऊन मी स्वतः येईन.