खोपोलीला बिऱ्हाड, थीम पार्कात नोकरी: हिशेब जुळतो का?

खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झाल्यापासून विदर्भ-मराठवाड्यातली बरीच मुलं 'पार्कात लागतो' म्हणून खोपोलीची वाट धरतात. राइड ऑपरेटर, तिकीट खिडकी, फूड काउंटर, वॉटर पार्कचे लाइफगार्ड अशी कामं. पगार बेताचाच. तेव्हा परीक्षण पगाराचं नाही, त्या पगारात परगावी राहण्याचं करायला हवं.

ऑफरमधला आकडा हातात येत नाही. उदाहरणादाखल एकूण पगार १५,००० आणि त्यातला बेसिक ९,००० धरू. पीएफ १२ टक्क्यांनी १,०८०, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) पाऊण टक्क्याने ११३, पुरुषांना व्यवसाय कर २००. उरले १३,६०७. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून त्यांना १३,८०७. खोलीचा वाटा २,५००, मेस ३,५००, रिक्षा-मोबाइल १,२०० धरले तर साडेसहा हजारांच्या आसपास शिल्लक. खोली एकट्याने घेतली की हीच शिल्लक दोन-तीन हजारांवर येते. त्यामुळे मुलाखतीत पहिला प्रश्न पगाराचा नको. राहायला जागा आणि शिफ्टची गाडी मिळते का, आणि त्याचे पैसे कापतात का, हे विचारा.

गाडीचा मुद्दा साधा वाटतो, पण माणसं तिथेच अडकतात. कर्जत-खोपोली मार्गावर लोकल मोजक्याच, आणि स्टेशनापासून पार्क पायी जाण्याच्या अंतरावर नाही. पाहुणे गेटबाहेर पडले तरी झाडलोट, कॅश जुळवणी, राइड बंद करण्याची तपासणी मागे असते. कर्जतला स्वस्त खोली मिळाली म्हणून तिकडे राहिलात आणि शेवटची गाडी चुकली, तर वाचलेलं भाडं रिक्षात जातं.

निघताना किमान दीड महिन्याचा खर्च आणि खोलीचं डिपॉझिट गाठीशी हवं. पाच जूनला रुजू झालात तर पहिला पगार जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तोही चार दिवस कमी. कोणी 'युनिफॉर्मचे' किंवा 'जॉइनिंगचे' पैसे आधी मागितले तर तिथूनच परत फिरा. खोलीचा करार नोंदणीकृतच करा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे.

काम दिसायला सोपं. फ्लोअरलेस कोस्टरवर, म्हणजे पायाखाली फरशी नसलेल्या रोलर कोस्टरवर, काय चालतं पाहा: उंचीची पट्टी, खिशातल्या वस्तू काढायला लावणं, हार्नेस (खांद्यावरून येणारा अडसर) खाली, पट्ट्याचं बकल, मग प्रत्येक हार्नेसला हाताने वर झटका, अंगठा दाखवून खूण, तेव्हाच गाडी सुटते. हे शिफ्टभर, उभ्याने, हसत. बुटांवर पैसे वाचवू नयेत. महिनाभरात टाचा बोलायला लागतात. उंची दोन बोटं कमी भरलेल्या पोराच्या बापाशी वाद घालणं हाही कामाचाच भाग, आणि तिथे ढिलाई चालत नाही.

पावसाळा वेगळंच प्रकरण. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस, जुलैत कपडे वाळतच नाहीत. युनिफॉर्मचे दोन जोड मिळत असतील तर तिसरा मागून घ्या, नाहीतर ओलाच चढवावा लागतो आणि मग मांड्यांना, बोटांच्या बेचक्यांत खाज. वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबतात. तेवढ्या वेळाचा पगार कापणार का, हे आधी विचारून ठेवा.

सुट्टीचं गणित उलटं. साप्ताहिक सुट्टी बहुधा मंगळवार-बुधवारी. मे महिना, दिवाळी, नाताळ म्हणजे गर्दीचे दिवस, तेव्हा रजा मागणंच फोल. लातूर-यवतमाळच्या मुलाला दिवाळीला घरी जाता येणार नाही हे गृहीत धरा.

ठेकेदारामार्फत भरती असेल तर नियुक्तिपत्रावर नाव कोणाचं आहे ते वाचा. दोन महिन्यांनी उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडा. कापलेले पैसे भरलेले दिसले पाहिजेत. ठेकेदाराने पगार बुडवला तर देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे पार्कच्या कंपनीवर येते, म्हणून हजेरीचे फोटो ठेवा. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा. 'बदली सुट्टी देऊ' असं सांगून तो टाळत असतील तर लेखी मागा.

हॉटेल, क्रूझ किंवा विमानतळाच्या कामाकडे जायचं असेल तर एका वर्षासाठी हे चांगलं. गर्दी हाताळण्याचा अनुभव तिथे खरंच विचारतात. घरी मोठी रक्कम पाठवायची असेल तर नको. सोडताना अनुभवपत्र आणि पूर्ण हिशेब घ्या, आणि पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघा. ती नसेल तर पैसे काढायच्या वेळी अर्ज अडतो.