दोन डोळ्यांचा डॅशकॅम: चार महिन्यांच्या वापरानंतर

हा डॅशकॅम मी दुसऱ्यांच्या चुका टिपण्यासाठी घेतला होता, हे आधीच सांगून टाकतो. कट मारणारे आणि इंडिकेटर न देता वळणारे चालक यांच्याविरुद्ध हाताशी पुरावा असावा, एवढाच हेतू होता. दोन कॅमेऱ्यांचे मॉडेल घेतले ते केवळ दुकानात तेवढेच शिल्लक होते म्हणून; त्यातला एक कॅमेरा समोरचा रस्ता टिपतो आणि दुसरा गाडीच्या आतले दृश्य, आवाजासकट.

चित्र दिवसा स्वच्छ येते. रात्री मात्र दिव्यांच्या झोतात समोरच्या गाडीचा नंबर पांढरा होऊन जातो आणि वाचता येत नाही. कार्ड भरले की सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसले जाते, पण गाडीला जोराचा झटका बसला की जी-सेन्सर त्या वेळची क्लिप लॉक करून ठेवतो. चार महिन्यांत अशा 31 क्लिप जमल्या. अपघात एकही झाला नव्हता, त्यामुळे इतरांच्या बेशिस्तीचा संग्रह तयार झाला असेल अशा उत्साहाने मी त्या पाहायला बसलो. काही गतिरोधकांच्या निघाल्या. उरलेल्या जवळजवळ सगळ्या माझ्याच करकचून दाबलेल्या ब्रेकच्या आणि ईर्ष्येने वाढवलेल्या वेगाच्या होत्या. सेन्सरला दुसऱ्याची चूक कळतच नाही, त्याला फक्त आपल्या गाडीचा झटका कळतो, ही बाब माहितीपुस्तिकेत अधिक ठळकपणे छापायला हवी होती.

त्यातली एक क्लिप अकरा सेकंदांची आहे. एक गाडी ‘अचानक घुसली’ असे मी घरी तावातावाने सांगितले होते. चित्रणात तिचा इंडिकेटर बराच आधीपासून लागलेला दिसतो आणि तिला जागा मिळू नये म्हणून वेग वाढवणारा मीच आहे. वाइड अँगल लेन्समुळे समोरची वाहने असतात त्यापेक्षा दूर भासतात, अशी सबब मी स्वतःला देऊन पाहिली. पण आतल्या कॅमेऱ्यात ऐकू येणारे माझे शब्द कोणत्याही लेन्सने बदललेले नाहीत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण इतक्या स्पष्ट आवाजात मी पूर्वी ऐकली नव्हती.

जुन्या, लहान गाडीमागे माझा हॉर्न लगेच वाजतो आणि मोठ्या, चकचकीत गाडीमागे मी शहाण्यासारखा थांबतो, हेही त्याच चित्रणातून कळले. डूब आणि ग्रॉस या संशोधकांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम थांबवून ठेवली जात असे. गाडी जुनाट असताना मागच्या सुमारे 84 टक्के चालकांनी हॉर्न वाजवला, आलिशान असताना सुमारे 50 टक्क्यांनी. गंमत म्हणजे प्रश्नावलीत विचारल्यावर पुरुष विद्यार्थ्यांनी उलट, महागड्या गाडीला आपण लवकर हॉर्न देऊ, असे सांगितले होते. स्वेन्सन यांच्या 1981 सालच्या पाहणीत तर 93 टक्के अमेरिकी सहभागींनी स्वतःला कौशल्यात मधल्या चालकापेक्षा वरचढ ठरवले होते. स्वीडनमध्ये हे प्रमाण 69 टक्के होते. त्या पाहणीत मला कोणी विचारले असते, तर मीही तेच उत्तर दिले असते.

पहिले दोन आठवडे मात्र माझे वागणे आदर्श होते. कॅमेरा पाहतो आहे या जाणिवेने मी इतरांना हात दाखवून वाट देत असे आणि ते चित्रणात नीट आले की नाही हेही तपासत असे. तिसऱ्या आठवड्यात कॅमेऱ्याचा विसर पडला, तेव्हापासूनचे चित्रण खरे समजावे.

तक्रारी दोन आहेत. मोबाइल ॲप संथ आहे आणि मायक्रोफोन बंद करण्याची सोय मेनूत तीन पायऱ्या आत दडलेली आहे. ती शोधण्याची मला इतकी निकड का वाटली, हे वरच्या मजकुरावरून कळावे. पाचापैकी चार गुण मी देतो. एक गुण ॲपमुळे कापला आहे, मायक्रोफोनमुळे नाही. घेणाऱ्याने दोन कॅमेऱ्यांचेच मॉडेल घ्यावे आणि गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला देताना कार्ड आठवणीने काढून ठेवावे.