एकपदरी की दुपदरी? रेकॉर्डिंगआधी ड्रमचं हेड निवडताना

रेकॉर्डिंगची तारीख ठरली की सोलापुरातले ड्रमर पहिला प्रश्न कंपनीचा विचारतात: रेमो घेऊ की एव्हान्स? जी वेळेत हातात पडेल ती घ्या, असं मी सांगतो. दोन्ही कंपन्या १९५०च्या दशकापासून पॉलिएस्टरची हेड, म्हणजे ड्रमवर ताणायचे पडदे, बनवतायत आणि एकीच्या बहुतेक प्रकारांना दुसरीकडे जोड मिळते. रेमोचं अँबॅसडर तसं एव्हान्सचं जी-वन. एम्परर तसं जी-टू. खरा निर्णय वेगळा आहे. हेड एकपदरी घ्यायचं की दुपदरी, आणि वर खरबरीत थर दिलेलं कोटेड की साधं पारदर्शक क्लिअर? सुताच्या गावात पदर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

एकपदरी हेड म्हणजे साधारण १० मिल जाडीची एकच फिल्म. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ही फिल्म जेमतेम पाव मिलिमीटरची. दुपदरीत ७-७ मिलच्या दोन फिल्म एकावर एक असतात. आकडे बारीक आहेत, पण कानाला फरक पहिल्या ठोक्यात कळतो. एकपदरी हेड हलक्या हातालाही बोलतं, गुंज लांबते, मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर, म्हणजे उपस्वर, भरपूर निघतात. दुपदरीचा ठोका भरीव, गुंज लवकर विरते आणि जड हाताचा वादक असला तरी त्यावर लवकर खळगे पडत नाहीत. रेमोच्या पिनस्ट्राइप या दुपदरी हेडमध्ये काठाजवळ दोन पदरांच्या मधे उपस्वर दाबणारा थर असतो, त्यामुळे आवाज आणखी आखूड होतो. एव्हान्सच्या हायड्रॉलिकमध्ये दोन पदरांत तेलच असतं. ते स्टेजवर ऑर्केस्ट्रात चालून जातं, पण रेकॉर्डिंगला मी सुचवत नाही. दाबून टाकलेला आवाज मिक्सिंगमध्ये परत आणता येत नाही.

कोटेडच्या पांढऱ्या खरबरीत थरामुळे काठीचा टणत्कार थोडा मऊ होतो. ब्रश वाजवायचे असतील तर कोटेडशिवाय पर्यायच नाही. क्लिअरमध्ये काठीची धार जास्त ऐकू येते.

आता आपल्या खोल्यांबद्दल. इथले बरेच स्टुडिओ म्हणजे घरामागची दहा-बारा फुटी खोली, वर सपाट स्लॅब. सिंबलचा, म्हणजे किटमधल्या धातूच्या थाळ्यांचा, आवाज स्लॅबवरून खाली येतो आणि थेट टॉमच्या, म्हणजे किटमधल्या लहान-मोठ्या ढोलांच्या, माइकमध्ये शिरतो. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असेल तर त्याची खालची धडधड फ्लोअर टॉमच्या, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमच्या, माइकला हमखास लागते. अशा ठिकाणी टॉम लांब गुंजत राहिला की त्याच्या शेपटीबरोबर हे सगळंही रेकॉर्ड होतं. मी एकदा तीन भक्तिगीतांसाठी तिन्ही टॉमला क्लिअर एकपदरी लावली होती. किटवर बसून ऐकताना आवाज सुरेख होता. हेडफोनमध्ये मात्र किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, प्रत्येक ठोका पडला की १६ इंची टॉम मागे घुमत होता. दुपारभर टेप चिकटवत बसलो. त्यानंतर छोट्या खोलीत टॉमला मी कोटेड दुपदरीच लावतो. खोली मोठी असेल, गाणं संथ असेल, टॉमला श्वास घ्यायला जागा असेल, तर एकपदरी कोटेड नक्की लावा. तिथे त्याच्यासारखी गोडी दुपदरीला नाही. स्नेअरला, म्हणजे खाली तारा लावलेल्या ड्रमला, मात्र खोली कुठलीही असो, वर कोटेड एकपदरीच. हलके भरीचे ठोके त्याच्यावरच स्पष्ट उमटतात.

खालच्या हेडकडे कुणी बघत नाही, आणि माझं सगळ्यात जास्त भांडण यावरूनच होतं. वर नवं हेड, खाली किट घेतलं तेव्हापासूनचं जुनं. खालचं हेड काठी खात नाही म्हणून ते खराब होत नाही असं वाटतं, पण वर्षानुवर्षं ताणलेल्या फिल्मचा जिवंतपणा जातो. एका मित्राच्या १२ इंची टॉमचं वरचं हेड आम्ही दोनदा बदललं, तरी आवाज पुठ्ठ्यासारखा. टॉम उलटा करून बोटाने वाजवला तेव्हा नुसतं ‘थप’. खाली नवं एकपदरी क्लिअर लावलं आणि तोच टॉम खुला झाला.

ट्यूनिंगला सुरुवात करताना हेड ताणणारे काठाचे नट आधी नुसत्या बोटांनी घट्ट करा. मग चावीने समोरासमोर जात प्रत्येकी अर्धा वेढा. मधे तळहात ठेवून हेड दाबून बसवा. करकर आवाज आला तर घाबरू नका, ते बहुतेक वेळा काठाच्या गोंदाचं असतं. नंतर एक बोट मधोमध अलगद टेकवा आणि प्रत्येक नटापासून इंचभर आत काठीने टिचकी मारा. बोटामुळे मूळ सूर दबतो आणि त्या नटाजवळचा सूर सुटा ऐकू येतो. तबल्याची घरं मिळवणाऱ्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही. सगळ्या नटांचा सूर एक झाला पाहिजे.

पण तबल्याची तुलना इथेच थांबवा. तबला स्वरात का बोलतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडलं: शाईच्या वजनामुळे त्याचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत येतात. ड्रमच्या हेडला शाई नाही. साध्या गोल पडद्याचा पुढचा सूर मूळ सुराच्या सुमारे १.५९ पट येतो, पूर्ण पटीत न बसणारा. म्हणून गाण्याच्या षड्जाला टॉम तंतोतंत मिळवण्यात तास घालवू नका. टॉमचं आपसातलं अंतर सांभाळा. १२ इंची टॉम सा धरला तर १६ इंची खालच्या पंचमावर ठेवा. फिरत वाजवताना कानाला बरं वाटतं.

वरचं आणि खालचं हेड एका सुरात असलं की गुंज सर्वांत लांब. खालचं थोडं चढं ठेवलं की गुंज आखडते आणि ठोका नेमका वाटतो. छोट्या खोलीत मी हेच करतो. खालचं वरच्यापेक्षा उतरं ठेवलं तर आवाज जड येतो, पण माइकमध्ये तो पटकन गढूळ होतो.

स्नेअरचं खालचं हेड ३ मिलचं, फारच पातळ. दुकानात ‘स्नेअर साइड’ असंच सांगून मागा, नाहीतर साधं हेड हातात पडतं आणि तारा नीट बोलत नाहीत. टॉम वाजवला की स्नेअरच्या तारा खरखरतात? दोघांचे सूर जवळ आलेत. टॉमचा सूर किंचित वर-खाली करा. तरी थांबलं नाही, तर खालच्या हेडवर तारांच्या दोन्ही टोकांशी असलेले नट थोडे सैल करा.

किकला रेमोचं पॉवरस्ट्रोक थ्री घ्या किंवा एव्हान्सचं ईमॅड. पहिल्यात दाबणारी रिंग आतच असते, दुसऱ्याला बाहेरून बदलता येणारी फोमची रिंग. दोन वेगवेगळी गाणी एकाच दिवशी रेकॉर्ड करायची असतील तर ईमॅड सोयीचं. उशी आणायची गरज नाही. घरातली जाड सोलापुरी चादर घडी करून आत ठेवा, मागच्या हेडला जेमतेम टेकेल इतकीच. पूर्ण भरली तर किक खोक्यावर मारल्यासारखी वाजते.

एप्रिल-मे महिन्यात किट उन्हातून एसीच्या खोलीत नेलं तर लगेच चावी हातात घेऊ नका. गरम फिल्म सैलावलेली असते, गार झाली की सूर चढतो. अर्धा तास तसंच राहू द्या.

पैसे सगळ्यांना पुरत नसतील, तर आधी स्नेअरचं वरचं हेड, मग टॉमची खालची, मग किकचं. टॉमची वरची शेवटी घ्या. त्यांच्यावर खळगे नसतील तर एक रेकॉर्डिंग जुन्यांवरही निभावतं.