नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि गोगलगायीचा गण

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. गोगलगायीचं कूळ मात्र विचारावंच लागतं, निदान शंखांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायची किंवा एखाद्या भागातल्या जातींची यादी करायची वेळ आली की. आणि विचारलं की तीन पुस्तकं तीन उत्तरं देतात. पहिलं सांगतं, जमिनीवरच्या गोगलगायी म्हणजे पल्मोनाटा, फुप्फुसवाल्यांचा उपवर्ग. दुसऱ्यात पल्मोनाटा आहे, पण 'अनौपचारिक गट' म्हणून. तिसऱ्याच्या मांडणीत तो शब्दच सापडत नाही. 'गोगलगाय अन् पोटात पाय' या म्हणीनं उदरपाद वर्गाची व्याख्या कधीच करून ठेवली आहे. भांडण आहे ते त्याखालच्या पायऱ्यांचं: उपवर्ग, गण, कूळ, प्रजाती (जीनस) आणि शेवटी जात.

माझा कौल आधीच सांगतो: चिठ्ठीवर 2017 च्या मांडणीतली कुळं लिहावीत, जिवंत प्राणी ओळखताना 1855 ची शिंगं-डोळ्यांची खूण वापरावी, आणि 2005 ची मांडणी वाचता येईल इतपत माहीत असावी. तिन्ही सालांचा खुलासा पुढे येतोच.

जुन्या मांडणीचा पाया श्वासावर आहे. गोगलगाय काचेच्या बरणीत ठेवा आणि ती काचेवर चढली की शंखाच्या कडेखाली, बहुतेकींच्या उजव्या अंगाला, पाहत राहा. मांसल पडद्यात एक गोल भोक उघडतं, थोडा वेळ तसंच राहतं आणि मिटतं. हे श्वासरंध्र. आत कल्ले नाहीत. प्रावाराखालच्या, म्हणजे शंख तयार करणाऱ्या कातडीच्या पडद्याखालच्या, पोकळीच्या छतावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तेच फुप्फुस. 19 व्या शतकाच्या आरंभी कुव्हिएनं या फुप्फुसावरून गट केला. पुढे उदरपादांचे तीन मोठे भाग ठरले: कल्ले हृदयापुढे असलेले, कल्ले मागे असलेले आणि फुप्फुसवाले. योहानेस थीले यांच्या 1929 ते 1935 दरम्यान निघालेल्या ग्रंथानं ही त्रिस्थळी इतकी पक्की केली की पुढची अनेक दशकं पाठ्यपुस्तकं तिच्यावरच चालली.

फुप्फुसवाल्यांची पोटविभागणी आणखी सोपी. 1855 मध्ये आडोल्फ श्मिट यांनी स्टायलोमॅटोफोरा हे नाव दिलं: डोळे मागच्या लांब शिंगांच्या टोकाला, आणि शिंग हातमोज्याच्या बोटासारखं उलटं होऊन आत जाणारं. दुसरीकडे बॅसोमॅटोफोरा: डोळे शिंगांच्या बुडाशी, शिंगं आत ओढता न येणारी. तळ्यातल्या लिम्निया आणि प्लॅनॉर्बिस या दुसऱ्या गटातल्या. ही खूण भिंगाशिवाय दिसते, लहान मुलालाही दाखवता येते. पुढे 1900 मध्ये पिल्सब्री यांनी स्टायलोमॅटोफोराचे आतले गट मूत्रपिंड आणि मूत्रनलिकेच्या ठेवणीवरून पाडले: ऑर्थयुरेथ्रा, सिगमयुरेथ्रा, हेटरयुरेथ्रा. त्यासाठी प्राणी फाडावा लागतो. ज्याच्या हाती नुसता रिकामा शंख आहे, त्याला या गटांचा काडीचा उपयोग नाही.

मग बिघडलं कुठे? फुप्फुस असणं म्हणजे एका घरातलं असणं, हे गृहीत धरलं गेलं तिथे.

तीन प्राणी समोर ठेवू. पहिली सायक्लोफोरस. जमिनीवर राहते, हवेवर जगते, पण श्वासरंध्र नाही. शिंगं दोनच, डोळे बुडाशी, नर-मादी वेगळे, आणि पायाच्या पाठीवर घट्ट झाकण वागवते. आत शिरली की दार बंद. पल्मोनाटाशी तिचं नातं दूरचं. जमिनीवर ती स्वतंत्रपणे आली. जुनी मांडणीही तिला वेगळीच ठेवत होती, पण 'हवा घेणारी जमिनीवरची गोगलगाय म्हणजे पल्मोनाटा' असं समीकरण डोक्यात बसलेला माणूस इथे हमखास फसतो. उन्हाळ्यात फुप्फुसवाल्या गोगलगायी शंखाच्या तोंडावर वाळलेल्या स्रावाचा पडदा धरतात. तो झाकण नव्हे. पडदा गळून पडतो, झाकण अंगाला जोडलेलं असतं.

दुसरी कॅरिकियम. कुजक्या पानांच्या थरात राहणारी, जेमतेम 2 मिलिमीटरची, काचेसारखी पांढुरकी. कागदावर ठेवली तर साखरेचा दाणा वाटते. पक्की जमिनीवरची. पण भिंगाखाली शिंगं दोनच दिसतात आणि डोळे बुडाशी. म्हणजे श्मिटच्या कसोटीनं ती तळ्यातल्या गोगलगायींच्या खणात गेली पाहिजे, आणि जुन्या याद्यांत जातेच. प्रत्यक्षात तिचं कूळ, एलोबिइडी, स्टायलोमॅटोफोराच्या जास्त जवळचं आहे. त्या दोघांना एकत्र धरणारा युपल्मोनाटा हा गट नव्या मांडणीत आहे. बॅसोमॅटोफोरा हे घराणं नव्हतंच. स्टायलोमॅटोफोरात न बसणाऱ्यांची ती धर्मशाळा होती.

तिसरी एलिसिया जमिनीवरची नाहीच. समुद्रातली, हिरव्या पानासारखी, शंख नसलेली. शैवालातली हरितलवकं शोषून ती अंगात जपणारी. ती पूर्वी 'कल्ले मागे' असलेल्यांत होती. 2010 मध्ये योर्गर आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून दाखवलं की तिचा गट, सॅकोग्लोसा, फुप्फुसवाल्यांच्या घोळक्यातच येतो. त्या मोठ्या घोळक्याला त्यांनी पॅनपल्मोनाटा म्हटलं. म्हणजे फुप्फुसवाल्यांचं घर प्रामाणिकपणे आखायचं तर फुप्फुस नसलेले भाडेकरूही आत घ्यावे लागतात. त्रिस्थळी यात्रा इथेच संपली.

स्टायलोमॅटोफोरा स्वतः मात्र टिकला. 2001 मध्ये वेड, मॉर्डन आणि क्लार्क यांनी 104 जातींच्या रायबोसोमल जनुकांची तुलना केली. श्मिटचा गट एकसंध निघाला, पण आत मोठी फूट दिसली: एकीकडे अकॅटिना या मोठ्या आफ्रिकी गोगलगायीच्या नात्यातल्या, दुसरीकडे बाकी सगळ्या. पिल्सब्रींचा सिगमयुरेथ्रा विस्कटला. ऑर्थयुरेथ्राला मूळचा, आदिम मानत असत, तो उलट बऱ्याच नंतर फुटलेली फांदी ठरला. बाहेरून दिसणारी शिंगं खरी बोलली आणि पोटातल्या मूत्रनलिकेनं दगा दिला, याची मला अजून गंमत वाटते.

2005 ची बुशे आणि रोक्रुआ यांची मांडणी या संक्रमणातली. कुळाच्या वर त्यांनी गण-उपवर्ग लावलेच नाहीत. जिथे एकच पूर्वज असल्याची खात्री, तिथे 'क्लेड', नाही तिथे 'अनौपचारिक गट'. पल्मोनाटा, बॅसोमॅटोफोरा आणि सिगमयुरेथ्रा तिघांच्या वाट्याला दुसरी पाटी आली. विद्वानाला शोभणारा प्रामाणिकपणा आहे हा, पण यादी करणाऱ्याची पंचाईत करणारा. तक्त्यातला 'गण' हा रकाना रिकामा सोडायचा का?

2017 मध्ये बुशे, रोक्रुआ आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी मांडणी पुन्हा काढली आणि दर्जे परत आणले. स्टायलोमॅटोफोरा आता गण आहे आणि त्याचे तीन उपगण: अकॅटिनिना, हेलिसिना, स्कोलोडोंटिना. मृदुकाय प्राण्यांच्या नावांची मोलुस्काबेस ही ऑनलाइन नोंदवही मोठ्या प्रमाणात याच वळणानं जाते, म्हणून नवी यादी करताना हीच सोयीची.

डब्यांवर याचा परिणाम काय होतो ते बघा. जुन्या याद्यांत सुईसारखी सेंटीमीटरभर लांब अ‍ॅलोपिअस ग्रॅसिले सब्युलिनिडी कुळात असते. नव्या मांडणीत सब्युलिनिडी हे अकॅटिनिडीचं उपकूळ झालं. म्हणजे ही सुई आता मुठीत न मावणाऱ्या आफ्रिकी गोगलगायीच्या, लिसाकॅटिना फुलिकाच्या, कुळात. शंख शेजारी ठेवले की विश्वास बसत नाही. तसंच ब्रॅडिबेनिडी हे कूळ कॅमेनिडीत विरलं, तर हायग्रोमिइडीतून जिओमिट्रिडी वेगळं निघालं. शंख नसलेल्या गोगलगायींचा तर एक खण असा करताच येत नाही, कारण शंख गमावण्याचा प्रकार वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळा घडला आहे. लिमॅक्स आणि एरियॉन दिसायला बहिणी, पण त्यांच्या फांद्या निराळ्या.

नव्या मांडणीचा एक खोडा सांगायलाच हवा. हेलिसिना हा उपगण म्हणजे हेलिक्सच्या नात्यातला फुप्फुसवाला गोतावळा. पण हेलिसिना नावाची एक प्रजातीही आहे, हेलिसिनिडी कुळातली, झाकणवाली, नेराइट या मुख्यतः समुद्रकिनारी राहणाऱ्या गोगलगायींच्या नात्यातली. दोघींचा संबंध नाही. तक्त्यात नुसतं 'हेलिसिना' टाकून शोध घेतला तर दोन्हींची खिचडी होते. मी एकदा केली, आणि अख्खी संध्याकाळ निवडण्यात गेली. दर्जा लिहिल्याशिवाय हे नाव लिहू नये.

आता निवड. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता अधिकुळापर्यंतच्याच, म्हणजे कुळाच्या लगेच वरच्या पायरीपर्यंतच्याच, नावांना नियम लावते. त्यावरची नावं कुठली घ्यायची हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग. म्हणून पल्मोनाटा लिहिलं तर गुन्हा नाही, फक्त ते आता वर्णन आहे, वंशावळ नव्हे. मुलांना किंवा नवख्यांना गोगलगाय दाखवायची असेल तर श्वासरंध्र आणि शिंगांवरचे डोळे यापेक्षा चांगली सुरुवात नाही. जुनीच मांडणी घ्या, कॅरिकियमचा अपवाद सांगून. प्रसिद्ध करायची यादी असेल तर 2017 ची कुळं घ्या आणि कुठली मांडणी पाळली ते वर एका ओळीत लिहा. जुनी यादी पुढे चालवायची असेल तर मधूनच कुळं बदलू नका. अर्धी सब्युलिनिडी आणि अर्धी अकॅटिनिडी अशी यादी दोन्ही जुन्या-नव्यांपेक्षा वाईट.

कपाटातल्या संग्रहाला तर मी उपगण लावतच नाही. कुळं वर्णानुक्रमे ठेवतो. झाडाची फांदी हलली तरी खण हलवावा लागत नाही.

आणि चिठ्ठीवर जातीचं नाव लेखक आणि सालासकट लिहावं, कारण प्रजातीसुद्धा बदलते. बागेतली तपकिरी गोगलगाय म्युलर यांनी 1774 मध्ये हेलिक्स अस्पर्सा म्हणून नोंदवली. आज ती कोर्नू अस्पर्सम, आणि प्रजाती बदलल्याची खूण म्हणून म्युलर, 1774 कंसात जातं. कोर्नू हे नाव मुळात एका विकृत, वेटोळं सुटलेल्या शंखावरून दिलेलं. ते वैध धरावं की नाही यावर बराच वाद झाला आणि 2015 मध्ये प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं ते ग्राह्य ठरवलं. मधल्या काळातल्या चिठ्ठ्यांवर कँटारियस आणि क्रिप्टॉम्फॅलसही सापडतात, पण 'अस्पर्सा, म्युलर 1774' एवढं शाबूत असलं की प्राणी कोणता ते कळतं. जातीचं नाव, जागा आणि तारीख शाईनं लिहावी, कूळ आणि गण पेन्सिलीनं.