स्ट्रोक-अँड-टर्न जज: वर्गात शिकावं की पूलकाठी?

अमेरिकेत क्लबच्या पोहण्याच्या स्पर्धा पालकांच्या जिवावर चालतात; त्यात मराठी आईबाबाही आले. पोहण्याची पद्धत आणि वळणं नियमाप्रमाणे आहेत का हे बघणारा स्ट्रोक-अँड-टर्न जज व्हायचं तर क्लिनिक (म्हणजे प्रशिक्षणवर्ग), ऑनलाइन परीक्षा आणि अनुभवी जजच्या शेजारी उभं राहून उमेदवारी, हे सगळं करावं लागतं. पण भर कशावर द्यावा?

नियम पक्के होतात ते वर्गातच. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी, पण एकमेकांपासून सुटे टेकले पाहिजेत. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लायमध्ये भिंतीपासून 15 मीटरपर्यंत डोकं पाण्याबाहेर यायलाच हवं. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन बघता येतो. सोय मोठी, पण सवय वाईट लागते.

कारण पूलकाठी रिवाइंड नसतं. आठ वर्षांची मुलगी ब्रेस्टस्ट्रोकने येते, एक हात वर, एक खाली टेकतो. नवखा जज लगेच हात वर करतो, म्हणजे चूक झाल्याची खूण करतो. शेजारचा जज शांतपणे विचारतो, ‘‘नक्की काय दिसलं?’’ हात वरखाली होते, पण टेकले एकदमच. म्हणजे चूक नाहीच! शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला, हे वाक्य वर्गात सगळे लिहून घेतात. अंगवळणी पडतं ते इथे. रेफरी विचारेल तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, अंदाज नाही, हेही इथेच कळतं.

उमेदवारीत एक धोका आहे: शिकवणाऱ्याच्या चुकीच्या सवयीही उचलल्या जातात. म्हणून आधी नियमपुस्तक नीट वाचाच. पण वेळ मोजकाच असेल, तर मी तो पूलकाठी घालवायला सांगेन. लेकरं जीव तोडून पोहतात, त्यांना डिसक्वालिफाय करणाऱ्याची नजर तयार हवी.